पोलादी पात्याची काळी कांति

कार्तिकी एकादशीच्या सुमारास, बोरघाटाच्या पायथ्याशीं, खोपोलीजवळच्या साजगांवांत बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. पूर्वीं कुलाबा व १९८१ पासून रायगड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यांतील ही यात्रा एका दिवसांत उरकत नाहीं. सुमारें पंधरा दिवस तिचा बाजार चालतो. घाटावरून घोंगड्या उतरतात, किनाऱ्याकडून सुकी मासळी येते. आख्यायिका अशी कीं, तुकाराम महाराज मिरचीच्या व्यापारासाठीं कोकणांत आले असतां येथील गिऱ्हाइकांनीं त्यांची उधारी थकविली. महाराजांनीं विठोबाच्या नांवानें बोंब मारली आणि देवानें ती उधारी वसूल करून दिली. आख्यायिका बाजूस ठेवली तरी देश आणि कोकण यांच्या देवघेवीचें हें जुनें ठिकाण आहे, एवढें तिच्यावरून सहज समजतें.

कोकणांतल्या अशा बाजारांत लोखंडी हत्यारांना गिऱ्हाईक नेहमींच असतें. शेतकऱ्याला कोयता हवा असतो, गृहिणीला विळी, विडा खाणाराला अडकित्ता, आणि खिशांत बाळगण्यास मिटता चाकू तर सर्वांनाच हवा. सहाणेवरून नुकतें उतरलेलें पातें चांदीसारखें लखलखतें. पण घरीं नेऊन त्यानें चार आवळे चिरले, दोन लिंबें कापलीं, कीं त्याच्यावर निळसर डाग उमटतात. आठ दिवसांत डाग तपकिरी होतात आणि महिनाभरांत सगळें पातें करडें, मग काळसर होतें. पुष्कळ गिऱ्हाइकांना वाटतें कीं लोहारानें फसविलें. मग राख, विटेचा भुगा, काथ्या यांनीं पातें घासघासून पुन्हां पांढरें करण्याचा उद्योग सुरू होतो. फसवणूक येथें झालेली नसते. उलट चांगल्या पोलादाचें लक्षणच प्रकट झालेलें असतें. जो काळेपणा मळ म्हणून घासून टाकला जातो, तोच त्या पात्याचा पहारेकरी असतो.

लोखंडाला लागणारा तांबडा गंज आणि पात्यावर चढणारी काळी झांक या दोन्ही गोष्टी लोखंडाच्या विकारांतून जन्मतात, परंतु त्यांचा स्वभाव अगदीं भिन्न आहे. हवा आणि पाणी यांच्या संगतीनें लोखंडाचा प्राणवायूशीं संयोग होतो आणि तांबडा गंज तयार होतो. हा गंज मूळ धातूपेक्षां अधिक जागा व्यापतो, म्हणून तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात, आणि त्यांच्या भेगांतून ओल आंत शिरून खालचें लोखंड खाऊं लागते. काळ्या झांकेची गोष्ट निराळी. फळांतील सौम्य आम्ल पात्याच्या पृष्ठभागाचा अत्यंत पातळ अंश विरघळवितें. त्यांतून होणारीं काळीं संयुगें तेथेंच पात्याला घट्ट चिकटून बसतात. त्यांचा थर दाट असतो, पापुद्र्यांनीं सुटत नाहीं, आणि ओल व धातु यांच्यामध्यें पडद्यासारखा उभा राहतो. तांबडा गंज घर पोखरणाऱ्या वाळवीसारखा आहे. काळी झांक त्याच घराच्या भिंतीवरच्या गिलाव्यासारखी आहे.

अशा गिलाव्याचें सामर्थ्य पाहावयाचें तर दिल्लीस कुतुबमिनाराजवळचा लोहस्तंभ पाहावा. गुप्तकाळांतील हा स्तंभ सुमारें सात मीटर उंच आणि सहा टनांहून अधिक वजनाचा आहे, आणि सोळा शतकें तो ऊनपावसांत उभा आहे. कानपूरच्या तंत्रविद्या संस्थेंतील प्राध्यापक बालसुब्रह्मण्यम् यांनीं या स्तंभाचा दीर्घकाल अभ्यास केला. जुन्या भट्टीच्या लोखंडांत स्फुरदाचें प्रमाण अधिक असल्यामुळें स्तंभावर एक पातळ संरक्षक थर धरला गेला आहे, असें त्यांनीं दाखवून दिलें. म्हणजे तो स्तंभ गंजला नाहीं, असें म्हणण्यापेक्षां तो थोडासा गंजून त्या गंजाच्याच आश्रयानें टिकला, असें म्हणणें अधिक बरोबर होईल. स्तंभाला पाठ लावून मागें हात जुळविण्याची हौस प्रेक्षकांनीं अनेक वर्षें भागविली. त्या घर्षणानें जेवढा भाग गुळगुळीत झाला तेवढ्यावरचा थर झिजत गेला. अखेर स्तंभाभोंवतीं कठडा घालावा लागला. घासून लखलखीत करण्याचा मोह लोखंडाला कसा भोंवतो, याचें याहून मोठें उदाहरण मिळणें कठीण.

चाकूच्या पात्यावर मात्र ही कांति धरण्यास शतकें लागत नाहींत, कारण तेथें आम्लाच्या जोडीला आणखी एक द्रव्य काम करतें. आवळा, हिरडा, कच्चें केळें, बाभळीची साल, चहाचा काढा या सर्वांत टॅनिन नांवाचें तुरट द्रव्य असतें. लोखंडाशीं त्याची गांठ पडतांच निळसर काळा अथवा हिरवट काळा रंग उत्पन्न होतो. कर्जत आणि खालापूर या तालुक्यांच्या डोंगराळ भागांत तर या द्रव्याची खाणच आहे. भीमाशंकरच्या बाजूचीं रानें हिरड्यासाठीं प्रसिद्ध. एकोणिसाव्या शतकांत हिरडा मुंबई बंदरांतून विलायतेच्या चर्मालयांकडे जहाजांनीं जात असे. दुसरें झाड खैराचें. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या पाण्यांत उकळून, तो काढा आटवून कात करणें हा ज्यांचा पिढीजात धंदा होता, त्या लोकांचें नांवच कातकरी पडलें. कात आटविण्यास लोखंडी भांडें चालत नाहीं, कारण लोखंडाचा स्पर्श होतांच काताचा तांबूस रंग नासून तो काळा पडतो. भांड्याला जें वर्ज्य तें कोयत्याला मात्र लाभदायक ठरे. खैर तोडणाऱ्याच्या कमरेच्या आंकडींत अडकविलेला कोयता झाडांच्या रसानेंच काळा होई आणि त्या काळेपणानेंच पावसाळे काढी. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव रानांत खैर तोडण्यावर निर्बंध आले आणि कातकऱ्यांचा हा धंदा ओसरला. नांव राहिलें, धंदा गेला.

टॅनिन आणि लोखंड यांच्या या मैत्रीचा उपयोग जगाला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. युरोपांत शेंकडों वर्षें दस्तऐवज लिहिले गेले ते मायफळ आणि हिराकस यांपासून केलेल्या शाईनें. आपल्याकडेहि हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई होत असे. मायफळांत टॅनिन, हिराकसांत लोखंड. दोहोंच्या संयोगानें कागदाच्या तंतूंत रुतून बसणारा काळा रंग. म्हणजे आवळा चिरतांना चाकूच्या पात्यावर जें घडतें, तेंच दौतींत घडत होतें. लेखणी तासणारा चाकू आणि त्या लेखणीनें उमटणारें अक्षर, या दोहोंचा काळेपणा एकाच गोत्राचा.

अर्थात् कांति धरावयाची तर मूळ पातें चांगल्या पोलादाचें हवें. शुद्ध लोखंड मऊ असतें; त्यांत कोळशाचा सत्त्वांश, म्हणजे कार्बन, थोड्या प्रमाणांत मुरला कीं तें पाणी धरण्यास योग्य होतें. तापविलेलें पातें एकदम थंड करण्याच्या क्रियेला लोहार पाणी देणें म्हणतो, आणि तेज असलेल्या माणसाला मराठी भाषा पाणीदार म्हणते, तें याच भट्टीवरून. महाराष्ट्रांत ही विद्या फार जुनी. नागपूर जिल्ह्यांत माहुरझरी येथील शिलावर्तुळांत लोखंडी हत्यारें सांपडलीं आहेत, आणि नायकुंड येथील उत्खननांत लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली. ती इसवी सनापूर्वींच्या पहिल्या सहस्रकांतील आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरच्या बाजूस, धावड नांवाचे मुसलमान कारागीर जांभ्या खडकांतील लोहदगड लोणारी कोळशावर गाळून लोखंड काढीत. एकोणिसाव्या शतकांत एकीकडे सरकारनें रानांतील कोळशावर निर्बंध घातले, दुसरीकडे विलायती लोखंडाच्या स्वस्त कांबी बंदरांत उतरूं लागल्या. या दोहोंच्या कात्रींत धावडांच्या भट्ट्या विझल्या. खालीं खालापुरांत कातकऱ्याच्या काताचें जें झालें, तेंच वर घाटमाथ्यावर धावडाच्या लोखंडाचें झालें.

याच काळाच्या आरंभीं मुंबईहून एक पुडकें विलायतेस गेलें, त्याची कथा मोठी उद्बोधक आहे. डॉ. हेलेनस स्कॉट हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींतील वैद्य मुंबईस राहत. १७९४ मध्यें त्यांनीं लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बॅंक्स यांस या देशांतील पोलादाचे नमुने पाठविले. हें पोलाद इंग्रजींत वुट्झ या नांवानें प्रसिद्ध झालें. तें मुंबईंतून गेल्यामुळें तेथेंच बनतें असा लंडनकरांचा समज झाला. १७९५ मध्यें जॉर्ज पिअर्सन यांनीं सोसायटीपुढें वाचलेल्या निबंधाच्या शीर्षकांतहि तें मुंबईचें म्हणूनच नमूद आहे. वस्तुतः वुट्झ पोलादाच्या मातीच्या मुशी तापत त्या म्हैसूर, सेलम आणि तेलंगण या दक्षिणेकडील भागांत.

या नमुन्याची लंडनांत जी परीक्षा झाली ती तोफेवर नव्हे, तरवारीवरहि नव्हे, तर एका लहानशा चाकूवर. जेम्स स्टोडार्ट नांवाच्या नामांकित शस्त्रकारानें बॅंक्स यांच्या इच्छेवरून त्या पोलादाचा लेखणी तासण्याचा चाकू घडविला. पोलाद घडविण्यास फार कठीण गेलें. परंतु चाकूची धार उत्तमांतल्या उत्तम विलायती चाकूच्या तोडीची निघाली. पुष्कळ कामांसाठीं हें पोलाद इंग्लंडांतील कोणत्याहि पोलादाहून श्रेष्ठ आहे, असा स्टोडार्टचा अभिप्राय पडला, आणि पुढें आपल्या दुकानाच्या जाहिरातींतहि तो या हिंदी पोलादाचा अभिमानानें उल्लेख करूं लागला. ज्या शतकाच्या अखेरीस लंडनचा कारागीर आपल्या पोलादाची अशी वाखाणणी करीत होता, त्याच्या पुढच्याच शतकांत तें गाळणाऱ्यांची चूल विझावी, हा इतिहासाचा एक क्रूर विनोद आहे.

या पोलादाचें खरें सौंदर्य दृष्टीस पडे तें मात्र आम्लाच्या साहाय्यानें. घासून गुळगुळीत केलेल्या पात्यावर हिराकसासारख्या क्षाराचें द्रावण फिरविलें कीं, त्यांतील कार्बनयुक्त कठीण कण पांढरे राहत आणि भोंवतालचा भाग काळवंडत असे. त्यामुळें पात्यावर वाहत्या पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे. तिलाच जौहर म्हणत. राजेरजवाडे ज्या नक्षीसाठीं मोहरा मोजीत, ती आणि चिंचेनें स्वयंपाकघरांतील सुरीवर पडणारे निळेकाळे डाग, यांच्या मुळाशीं एकच क्रिया आहे. तरवारीवर ती कारागीर बुद्धिपुरस्सर करी. सुरीवर ती रोजच्या वापरानें आपोआप होते.

वुट्झच्या गुणांचें मूळ शोधतां शोधतां विज्ञान भलत्याच ठिकाणीं जाऊन पोंचलें. १८१९ पासून मायकेल फॅरडे यांनीं त्याच स्टोडार्टच्या सहकार्यानें वुट्झचें अनुकरण करण्याचा प्रयत्न आरंभिला आणि पोलादांत निरनिराळे धातु मिसळून पाहिले. १८२१ मध्यें पिएर बर्थिए या फ्रेंच शास्त्रज्ञास आढळून आलें कीं, क्रोमियम मिसळलेलें लोखंड आम्लांना सहसा दाद देत नाहीं. असलें मिश्रण चाकूसुऱ्यांस उपयोगी पडेल, असेंहि त्यांनीं सुचविलें. या सूचनेला फळ येण्यास जवळजवळ शतक लोटलें. १९१३ मध्यें शेफील्ड येथें हॅरी ब्रेअर्ली हे बंदुकीच्या नळ्यांसाठीं पोलाद शोधीत होते. तपासणीकरितां पोलादाचा पृष्ठभाग आम्लानें कोरावा लागे. क्रोमियमचें प्रमाण सुमारें तेरा टक्के असलेला एक नमुना कांहीं केल्या कोरला जाईना. जें आम्लाला दाद देत नाहीं तें लिंबालाहि देणार नाहीं, हें ब्रेअर्लींनीं ओळखलें, आणि त्यांतूनच न डागाळणाऱ्या पोलादाचीं सुऱ्याकांटे जन्मास आले.

त्यापूर्वीं विलायतेंतील घरांतहि चाकू काळे पडण्याची तक्रार होतीच. फळें आणि मासे कापण्यास श्रीमंत लोक चांदीच्या सुऱ्या वापरीत, कारण पोलादी सुरीनें पदार्थाची चव बिघडे. इतर सुऱ्या नोकरांकडून रोज विटेच्या अथवा कुरुंदाच्या भुकटीनें घांसून घेत. मौज अशी कीं, या घांसण्यामुळेंच तक्रार कायम राही. उघडें पडलेलें ताजें पोलाद पदार्थाला सर्वांत अधिक काळें करतें. ज्या पात्यावर झांक पुरी धरली आहे, तें फारसें करीत नाहीं. जी गृहिणी विळीचें पातें रोज पांढरें करते, तिच्याच कच्च्या केळ्याच्या फोडी अधिक काळवंडतात.

स्टेनलेस पोलादानें हा प्रश्न सोडविला खरा, पण तो कसा, हें समजून घेण्यासारखें आहे. तें पोलाद नग्न असतें म्हणून चमकतें असें नाहीं. त्यांतील क्रोमियमचा हवेशीं संयोग होऊन त्यावरहि एक थर धरतो. तो इतका पातळ व पारदर्शक असतो कीं डोळ्यांस दिसत नाहीं, आणि ओरखडा गेला तर तो थर स्वतःच पुन्हां भरून येतो. सारांश, आवरणावांचून दोन्ही पोलादांचा निभाव नाहीं. एकाचें आवरण कारखान्यांतून बरोबर येतें. दुसऱ्याचें आवरण घरानें आपल्या हातांनीं चढवावें लागतें. साजगांवाच्या शेजारीं खोपोलीस १९१५ मध्यें टाटांचें जलविद्युत्-केंद्र सुरू झालें आणि पुढें, विसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत, तेथेंच मिश्र पोलादाचा मोठा कारखाना उभा राहिला. एकाच पंचक्रोशींत अशा रीतीनें पोलादाचे दोन्ही काळ नांदले. स्वयंपाकघरांत मात्र नव्यानें जुन्याला बहुतेक हद्दपार केलें. तरी ज्यांना बारीक धार हवी, ती चटकन् लागावी व लवकर बोथट होऊं नये असें वाटतें, ते जगभर अजूनहि साध्या पोलादाकडे वळतात. फ्रान्समधील सॅव्हॉय प्रांतांत जोसेफ ओपिनेल यांनीं १८९० मध्यें घडविलेला लांकडी मुठीचा मिटता चाकू आजहि साध्या पोलादाच्या पात्यांत मिळतो, आणि त्याचे चाहते त्यावर चढणारी करडी झांक कौतुकानें जोपासतात.

ही झांक जोपासण्याची रीति सोपी आहे, पण तिला धीर लागतो. नव्या पात्यावर गंज लागूं नये म्हणून तेल माखलेलें असतें. तें प्रथम कोंबट पाणी आणि साबण यांनीं पुरतें काढावें, नाहीं तर झांक ठिगळांठिगळांनीं धरते. मग तें पातें नित्याच्या कामाला लावावें. लिंबू, आवळा, कैरी, कांदा, बटाटा हे सर्व या कामीं गुरु आहेत. चिरल्यावर रस दोन-चार मिनिटें पात्यावर राहूं द्यावा, मग धुऊन लगेच कोरडें करावें आणि खोबरेल तेलाचा अगदीं पातळ हात फिरवावा. प्रथम पिंवळट, मग निळाजांभळा, मग करडा असे रंग पालटत जातात. ज्यांना घाई असेल त्यांनीं कोंबट शिरक्यांत कापड भिजवून पातें थोडा वेळ गुंडाळून ठेवावें, किंवा चहाच्या दाट काढ्यांत तें बुडवावें. परंतु मधून मधून काढून पाहावें, धुवावें, पुसावें. तासन् तास आम्लांत टाकलेल्या पात्याला झांक धरत नाहीं, खळगे पडतात.

झांकेचा वैरी आम्ल नव्हे, मीठ आहे. मिठाचा अंश ओलीबरोबर थरांतील सूक्ष्म छिद्रांतून आंत शिरतो आणि तेथेंच खळगा पाडतो. म्हणून सुकी मासळी, लोणचें अथवा खारवलेली कैरी कापल्यावर पातें क्षणभरहि तसेंच ठेवूं नये. घामाच्या हातांतहि मीठ असतें. खिशांतल्या चाकूला तें फार बाधतें. चामड्याच्या म्यानांत ओल आणि क्षार दडून राहतात, यास्तव कोकणच्या पावसाळ्यांत पातें म्यानाबाहेर, तेल लावून, कोरड्या फडक्यांत ठेवावें. मिटत्या चाकूच्या सांध्यांत तेलाचा एक थेंब घालण्यास विसरूं नये, कारण गंज तेथें नजरेआड लागतो. कोठें तांबडा ठिपका दिसलाच तर तेवढाच भाग तेलांत भिजविलेल्या राखेनें हलकेच चोळावा. एका ठिपक्यासाठीं सर्व पात्याची कातडी सोलूं नये. सहाणेवर धार लावतांना धारेवरची झांक जाणार, हें ठरलेलेंच आहे. काळ्या पात्याच्या कडेस एक पांढरी रेघ उरते, ती शोभूनहि दिसते, आणि चार दिवसांत तीहि करडी होते.

एवढें करूनहि काळी कांति म्हणजे अभेद्य कवच नव्हे. रात्रभर पाण्यांत पडलेल्या विळीला ती वांचवूं शकत नाहीं. रोज पुसणाऱ्या हाताला ती केवळ साह्य करते. परंतु हें साह्य किती मोलाचें आहे तें पात्याच्या आयुष्यावरून दिसतें. दररोज घांसलेलें पातें त्या घांसण्यानेंच झिजतें, तर झांक राखलेलें पातें फक्त धार लावण्यापुरतें झिजतें आणि पुष्कळदां एका पिढीच्या हातून दुसरीच्या हातीं जातें. चूल विझलेल्या धावडाचें किंवा कात आटविणाऱ्या कातकऱ्याचें काम आतां कोणी परत आणूं शकणार नाहीं. मात्र यात्रेंत पाल ठोकून बसणारा लोहार अजून भाता चालवितो. त्याच्याकडून घेतलेली विळी महिन्याभरांत काळी पडली तर ती परत नेऊन टाकण्याचें कारण नाहीं. ती नुकतीच कामास योग्य झालेली असते.